खांद्यावरचा अंगठा

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाबांना मोठं काम मिळालं आहे. कसं मिळालं ते सकाळपासून तीनदा सांगून झालं. तिन्ही वेळा थोडं वेगळं. सार असं: शिल्पकार बाईंची कार्यशाळा ज्या इमारतीत आहे ती पाडणार आहेत. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची. आत प्लॅस्टरच्या अकरा मूर्ती आहेत. आतून पोकळ, हलवल्या की तडकणाऱ्या, आणि ठेवून घ्यायला कुणी तयार नाही. बाईंनी ठरवलं आहे की फोटो काढून झाले की मूर्ती आपल्याच हातांनी फोडायच्या. "दुसऱ्याने फोडलेल्या मला बघवणार नाहीत," असं म्हणाल्या म्हणे. म्हणजे फोटो हेच काय ते उरणार.

बाईंच्या पहिल्या मूर्तीचे फोटो बाबांनीच काढले होते, त्याला तीस वर्षं झाली. म्हणून आताही तेच हवेत. मी मदतनीस. ट्रायपॉड उचलायचा, फाइली कॉम्प्युटरवर घ्यायच्या, मधे बोलायचं नाही. शेवटची अट बाबांची.

मी हो म्हटलं. आमचा कॅमेऱ्यांच्या सेन्सर तपासणीचा विभाग बंद झाल्यापासून नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. आत्या म्हणाली, "जा बाई. घरात बसून बसून भिंतीसारखी दिसायला लागलीस."

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिला दिवस. तीन मूर्ती झाल्या.

कार्यशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि अंधारा. बाबा कठडा धरून हळूहळू चढले, गुडघे असतील. वर मात्र एका बाजूला भिंतभर खिडकी, मऊ उजेड, आणि सगळं पांढरं. मूर्ती पांढऱ्या, जमीन पांढरी, बाईंचे केस पांढरे, त्यातले किती वयाने आणि किती प्लॅस्टरने ते सांगता येत नाही.

भिंतीवर बाबांचे ते जुने फोटो आहेत, काळेपांढरे. मी जवळ जाऊन पाहिले. पांढऱ्या गालावर बोटाची प्रत्येक ओढ दिसते. आणि खांद्यावर अंगठ्याचा ठसा. बाई मूर्तीवर नाव कोरत नाहीत. शेवटचा पातळ थर ओला असतानाच त्यावर अंगठा दाबतात, की काम संपलं. त्याला ना रंग ना खोली; उजेड तिरका पडला तरच दिसतो.

"ते ठसे तेवढे यायला हवेत हं," बाई म्हणाल्या. "बाकी मूर्ती काय, कुणाच्याही असू शकतात."

"तीस वर्षांपूर्वी आले होते, आता न यायला काय झालं?" बाबा म्हणाले.

कॅमेऱ्यावर त्यांनी एक्स्पोजर दोन स्टॉपच्याही वर नेलं; प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट. मी अट मोडली.

"बाबा, जास्त होतंय."

"पांढऱ्यापुढे कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर घाबरतो, मास्तरीणबाई. त्याला वाटतं केवढा हा उजेड, आणि तो पांढऱ्याचं राखाडी करून ठेवतो. त्याला थोडा धीर द्यावा लागतो."

हे बरोबर आहे. प्रश्न किती धीर द्यायचा एवढाच. त्यांची सवय फिल्मची. निगेटिव्ह फिल्मवर उजेड थोडा जास्त पडला तरी ती मुरवून घेते. सेन्सर तसा नाही. तो पाण्याच्या भांड्यासारखा आहे: काठोकाठ भरलं की पुढचं वाहून जातं, आणि किती वाहून गेलं याची नोंदही राहत नाही. सावलीत राहिलेलं नंतर उजळता येतं. जळालेलं पांढरं परत आणता येत नाही.

स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकायची सोय असते. बाबांनी ती कधीचीच बंद केली आहे. म्हणतात, "डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले की माणसाने झोपावं, फोटो काढू नयेत."

तिसरी मूर्ती झाल्यावर त्यांनी स्क्रीन नाकाशी धरून पाहिला आणि बाईंना म्हणाले, "झालं. छान उजळ आलंय."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल फाइली पाहायला हव्या होत्या. कंटाळा केला.

आज पाहिल्या. तिन्ही मूर्तींचे खांदे कोऱ्या कागदासारखे. सेन्सर लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे मोजतो, आणि कॅमेऱ्याच्या मूळ, न बदललेल्या रॉ फाइलींत दोघींचा लाल अजून भरला नव्हता. हिरवा आणि निळा गेले होते. त्या एका रंगावरून दोन खांद्यांची गोलाई परत आणली, आणि ठसेही, पुसट. तिसरी मूर्ती म्हणजे निजलेलं मूल. त्याच्या खांद्यावर तिन्ही रंग काठोकाठ आहेत. ठसा नाही. खांदाही नाही, खांद्याच्या आकाराचं भोक आहे.

शिवाय सगळ्या फोटोंत पांढरं निळसर आहे. रंगाचं सेटिंग बाबा स्वतः हाताने करतात. बहुधा त्यांच्या फोटो स्टुडिओतल्या ट्यूबलाइटचा आकडा तसाच राहिला असेल.

दुपारी बाईंना फोन केला. म्हटलं, परवाच्या तिघांचे आणखी दोन-चार कोन घेऊया का.

"ते तिघे?" त्या म्हणाल्या. "अगं, ते तर मी त्याच संध्याकाळी फोडले. तुझे वडील म्हणाले ना, झालं म्हणून. फोडायचे ते पटकन फोडावेत, नाहीतर हात उचलत नाही. का गं, काही बिघडलंय का?"

मी नाही म्हटलं. जादा असावेत म्हणून विचारलं, म्हटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाबांना निजलेलं मूल दाखवलं. कॉम्प्युटरवर, पूर्ण मोठं करून. खांदा म्हणून जे पांढरं आहे त्यावर बोट ठेवून विचारलं, "यात ठसा कुठे आहे?"

चष्मा वर सरकवून ते स्क्रीनच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली.

"हा काय. आहे की."

मी पाहिलं. तो काचेवरचा डाग होता. मी रुमालाने पुसला. डाग गेला. बाबांनी चष्मा खाली घेतला आणि स्टुडिओची शटरं उघडायला निघून गेले.

एवढा हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. समोर पुरावा आहे तरी मान्य नाही.

जेवताना आत्याने नवीन किस्सा सांगितला. काल ती न्हाणीघरात असताना बाबा बाहेरच्या खोलीत बोलत होते. "मला वाटलं कुणी पाहुणे आलेत. बाहेर येऊन बघते तर हा स्टँडवरच्या माझ्या कोटाला विचारतोय, 'ताई, तू कधी निघणार?' मी म्हटलं, तो काही निघायचा नाही, त्याला बाह्या आहेत, पाय नाहीत!"

बाबाही हसले. हसताना त्यांचा हात मिठाच्या बरणीच्या एक वीत अलीकडे पडला, मग सरकत सरकत तिच्यापर्यंत गेला.

सोमवार, १० फेब्रुवारी

मी दोन गोष्टी केल्या आहेत. इथे लिहून ठेवते.

एक: कॅमेऱ्याच्या मेनूत खोल एक सेटिंग असतं. त्याने मीटरचं शून्यच खाली सरकवता येतं. मी ते पूर्ण एक स्टॉप खाली नेलं, म्हणजे उजेड निम्मा. बाबांनी कितीही धीर दिला तरी प्रत्यक्षात एक स्टॉप कमीच जाईल, आणि त्यांनी लावलेला वाढीचा आकडा चुगली करणार नाही.

दोन: कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीन उजळला. त्यावर फोटो नेहमीइतकाच झगझगीत दिसेल. नाहीतर ते आणखी वाढवतील.

सांगून केलं असतं तर वाद झाला असता. वादाला ताकद लागते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चार मूर्ती झाल्या.

बाबा आज जुना हातातला मीटर घेऊन आले होते, काटा हलणारा. तो बाईंच्या हातात दिला. "तुम्ही धरा आणि काटा कुठे येतो ते मोठ्याने सांगा." बाई मूर्तीच्या गालाशी मीटर धरून आकडे ओरडत होत्या, बाबा मान डोलवत होते. जुन्या लोकांची मजा. आकडा स्वतः वाचायला दोन पावलं चालावं लागलं असतं, एवढंच.

"तुमच्या मुलीला ही विद्या शिकवलीत की नाही?" बाईंनी विचारलं.

"ती शिकूनच जन्मली. मी नापास होतो तिच्याकडे."

"पास होत चला. माझ्या हातोड्याला आता थांबता येत नाही."

दुसऱ्या मूर्तीच्या वेळी बाबा मधेच थांबले. बटण दाबलेलं, फोटो निघालेला, आणि ते मान एका बाजूला कलती करून तसेच उभे. मग म्हणाले, "बॅटरी नवी घातलीस का?"

"हो," मी म्हटलं. खरंच नवी घातली होती.

"बरं," ते म्हणाले आणि काम सुरू केलं. स्क्रीनवर नजर टाकून, "छान उजळ येतंय."

मला वाईट वाटायला हवं होतं बहुधा. पाय दुखत होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चौघींचे ठसे आले. प्रत्येक खांद्यावर अंगठा स्वच्छ, त्याच्या रेषाही मोजता येतील. पांढरं अजून निळसरच आहे, पण ते बदलता येतं.

जिंकल्यासारखं वाटत नाही.

बाबांनी चहा ओतताना कप भरला, मग बशी भरली, मग टेबल. आत्याने लगेच फडकं फिरवलं. तिचं फडकं हल्ली हाताशीच असतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

बाबांना पुराव्यानिशी पटवायचं म्हणून आज स्टुडिओच्या डिस्कवरचं जुनं काम काढलं. ओळखपत्राचे फोटो सगळ्यांत सोयीचे. तोच पडदा, तेच दिवे, तीच खुर्ची, समोर फक्त माणूस बदलतो. पडदा पांढरा. तो किती उजळ आणि किती निळा आलाय ते वर्षवार मोजलं आणि आलेख काढला. बाबांना सांगायचं होतं: बघा, फिल्मच्या सवयीने तुम्ही कायम एक ठरावीक वाढ देता, ती सोडा.

पण आलेख तसा आला नाही.

सहा वर्षांपूर्वी पडदा अचूक आहे. माझ्या प्रयोगशाळेत चालला असता इतका. मग थोडा उजळ. मग आणखी. त्याचबरोबर निळा. गेल्या दोन वर्षांत रेघ सरळ वर जाते.

सवय सपाट असते. ही चढण आहे.

दिवे तपासले. दिवे जुने झाले की मंद होतात, प्रखर होत नाहीत. आणि हे तर मधेच बदललेलेही आहेत. कॅमेरा माझ्याच हातून तपासलेला आहे. साखळीतला एकच घटक राहतो जो मी तपासलेला नाही.

समोरचं पिवळट दिसत असेल तर माणूस ते पांढरं करायला निळा वाढवेल. अंधुक दिसत असेल तर उजेड वाढवेल.

आलेख बंद केला. आत्याने हाक मारली, मटार सोलायला बसले. बाबाही सोलत होते. ते शेंगा बघत नव्हते. खिडकीकडे तोंड करून नुसत्या बोटांनी सोलत होते, माझ्यापेक्षा भराभर.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शेवटच्या चार झाल्या. अकरावी मूर्ती, बसलेली म्हातारी, सगळ्यांत मोठी. बाई तिला "मोठ्या जाऊबाई" म्हणतात.

आज मी कॅमेऱ्याकडे नाही, बाबांकडे पाहत होते. जिन्याची प्रत्येक पायरी ते आधी चपलेच्या टोकाने चाचपतात. दारातून आत येताना चौकटीला हाताची मागची बाजू लावतात. मी कुठे उभी आहे ते मी बोलले की मगच माझ्याकडे वळतात. हे सगळं मी आधीही पाहिलं होतं. गुडघे, हट्ट, जुन्या लोकांची मजा, असं त्याला लेबल लावून ठेवलं होतं.

परतताना बसथांब्यावरच्या बाकावर बसलो. बस आली, बाबा उठले नाहीत. मीही नाही. ती गेल्यावर ते म्हणाले,

"पहिल्या दिवसाचे गेले ना?"

"दोन वाचवले. एक गेला."

"कोणता?"

"निजलेलं मूल."

त्यांनी मान हलवली. 

"दुसऱ्या दिवशी तू काय केलंस?"

मी विचारलं, कशावरून.

"अगं, तेवढ्या उजेडात शटर एक सेकंद उघडं राहायला हवं. उघडतं, थांबतं, मिटतं. आयुष्यभर तेच ऐकत आलोय. त्या दिवशी ते अर्ध्यातच मिटत होतं. म्हटलं, उजेड तोच, माझा आकडा तोच, आणि हे एवढं घाईत का? म्हणून बॅटरीचं विचारलं. तू हो म्हणालीस तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? तू विचारलं असतंस, आकडा दिसत नव्हता का तुम्हाला." ते थोडं हसले. "म्हटलं, मास्तरीणबाईंनी हात धरलाय तर लिहू द्यावं."

मग सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलेला. "दुधाच्या पिशवीतून बघावं तसं." डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. बाबांच्या वडिलांचा एक डोळा अशाच ऑपरेशनात गेला होता, आणि तेही फोटोग्राफर होते. नंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

"तेव्हाची ऑपरेशनं वेगळी होती, बाबा. आता काच बदलल्यासारखं आहे. भिंग काढतात, दुसरं बसवतात."

"तुला माहीत आहे?"

"भिंगांबद्दल मला माहीत आहे."

"हं. ते खरं." पुढे म्हणाले, "आत्याला सांग, दिवस ठरव म्हणावं. ती कधीपासून मागे लागलीये."

आत्याला माहीत होतं. अर्थात माहीत होतं.

दुसरी बस आली. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही, कोपर धरलं. उठताना म्हणाले, "उद्या बाईंकडे जायचं. मी सांगणार. तू मधे बोलायचं नाही."

बुधवार, १९ फेब्रुवारी

बाबांनी उभ्यानेच सांगितलं. प्रस्तावना नाही. "बाई, निजलेल्या मुलाचा ठसा आलेला नाही. मला दिसत नव्हतं आणि मी छान आलंय म्हणालो. तुम्ही माझ्या शब्दावर फोडलंत."

बाई हातोडा घेऊन मोठ्या जाऊबाईंच्या समोर बसल्या होत्या. त्यांनी हातोडा मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं त्या चिडतील, त्याची मी तयारी केली होती. त्या बाबांच्या डोळ्यांकडे पाहू लागल्या.

"किती दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कुठे बसलाय ते आवाजावरून."

"आणि मी तुम्हाला मीटर वाचून दाखवत होते. म्हटलं, काय रुबाब आहे माणसाचा, आकडे वाचायलासुद्धा बाई ठेवलीये." त्या हसल्या, पण हसू लवकर संपलं. "ते मूल मी आई गेली त्या वर्षी केलं होतं. असो. जिन्याखाली पोती आहेत. न्यायला गाडी शुक्रवारी येणार. बघायचं तर बघा."

पहिल्या दिवसाची तीन पोती. बाईंनी फरशीवर चादर अंथरली आणि ती ओतली. पांढरी धूळ बसेपर्यंत कुणाला काही दिसेना. त्या वेळापुरते आम्ही तिघे सारखे होतो. पोकळ मूर्ती फुटतात तेव्हा मडक्यासारखी खापरं होतात, तळहाताएवढी, काही त्याहून मोठी. बाई आणि मी एकेक खापर उजेडाकडे तिरकं धरून बघत होतो. सगळीच गोल, सगळीच पांढरी.

बाबा चादरीच्या कडेला मांडी घालून बसले. खापर उचलायचं, अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायचं. आम्ही तिघांनीही मधे दोनदा चहा घेतला. माझी आशा दुसऱ्या चहाच्या आधीच संपली होती. 

"हा कुणाचा?" बाबा म्हणाले.

बाईंनी खापर घेतलं. आपला अंगठा त्यावर टेकवला. बसला.

"हा गुडघा आहे का खांदा, बाबा?" मी विचारलं, कारण कुणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं.

"खांदा, मुलाचाच. एवढा लहान दुसऱ्या कुणाचा नव्हता," बाई म्हणाल्या. "गुडघ्यावर मी कशाला अंगठा दाबेन?"

खापर खिडकीजवळच्या घडवंचीवर काळ्या कापडावर ठेवलं. मी ट्रायपॉड लावला. मेनूत जाऊन मीटरचं शून्य जागेवर आणलं, स्क्रीनचा उजेड खाली घेतला, जळालेला भाग लुकलुकवणारे काजवे चालू केले. प्रत्येक गोष्ट करताना मोठ्याने सांगितलं. बाबा कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले, एक हात ट्रायपॉडवर.

"आकडा सांग."

मी सांगितला.

"किती वाढवू?"

"एक स्टॉप. मागे काळं आहे, मीटर एवढा घाबरणार नाही."

"खरं म्हणजे मग वाढवायलाच नको."

मी विचार केला. काळ्या कापडाने अर्धी चौकट व्यापली होती. "हो. नको," मी म्हटलं. "शून्यावर ठेवा."

"बघा," ते बाईंना म्हणाले, "अजून अगदीच नापास नाही."

त्यांनी बटण दाबलं. शटर उघडलं. आम्ही तिघे ते मिटायची वाट पाहत होतो. मिटलं.

"काजवे?" बाबांनी विचारलं.

मी स्क्रीन पाहिला. "एक आहे. तुटलेल्या कडेला."

"ठशावर?"

"ठशावर नाही."

"मग चमकू दे," ते म्हणाले.